संधिवात, एचसीक्यू आणि दोडामार्गचा नाका

डोळ्यांची जी तपासणी मार्च २०२० मध्ये करायची होती ती परवा, म्हणजे ऑक्टोबर २०२१ मध्ये झाली. एकोणीस महिने गेले मधे. माझी एक मैत्रीण कधीची मागे लागलीय की हे सगळं लिहून काढ, तिच्या आईलाही माझाच आजार आहे आणि त्यांचीही अशीच फरफट झाली, फक्त त्यांना कोण सांगणारं नव्हतं. म्हणून लिहितेय. तारखा माझ्या कालनिर्णयवर लिहिलेल्या होत्या त्यावरून घेतल्यात, तेव्हा बऱ्यापैकी बरोबर असाव्यात.

मी गोव्यात डिचोली तालुक्यात राहते, सरकारी मराठी प्राथमिक शाळेत शिकवते, वय ४७. २०१३ पासून संधिवात आहे. संधिवात म्हटलं की लोक "आमच्या आजीला पण होता, गुडघ्यांना तेल लावायची" असं सांगतात, तो हा नव्हे. हा रुमॅटॉइड, काही वैद्य आमवात म्हणतात, ह्यात आपलीच प्रतिकारशक्ती आपल्याच सांध्यांच्या मागे लागते. पहिल्या वर्षी माझ्याच्यानं सकाळी ब्लाउजचं हूक लागत नव्हतं, पोदेराकडून पाव घेताना पिशवीची गाठ सुटत नव्हती. औषधं लागू पडली आणि मी परत फळ्यावर लिहायला लागले. औषधं म्हणजे मेथोट्रेक्सेट, आठवड्यातून एकदाच, माझा वार रविवार. सोमवारी फॉलिक अॅसिड. आणि रोज रात्री हायड्रॉक्सिक्लोरोक्वीन (तीच एचसीक्यू) २०० ची गोळी, एक दिवस एक, एक दिवस दोन, महिन्याला पंचेचाळीस. ह्या गोळीचं पूर्ण नाव सात वर्षांत आमच्या घरात कुणाला पाठ नव्हतं, सगळे "आईची ती पांढरी" म्हणायचे. पुढे एप्रिल २०२० मध्ये गल्लीतली पोरंसुद्धा ते नाव घडाघडा म्हणायला लागली, ती गोष्ट वेगळी.

ह्याशिवाय दर तीन महिन्यांनी रक्त (सीबीसी, एसजीपीटी, क्रिएटिनिन, कारण मेथो लिव्हरला आणि रक्तपेशींना त्रास देऊ शकतं), तेच रिपोर्ट घेऊन पणजीला डॉक्टरांकडे, आणि वर्षातून एकदा डोळे, कारण ती पांढरी गोळी वर्षानुवर्षं घेतली तर पडद्यावर परिणाम करू शकते, पाच वर्षांनंतर तर दर वर्षी बघायलाच हवं असं म्हणतात. माझी अपॉइंटमेंट होती शुक्रवार २७ मार्च २०२०. सकाळी डोळे, दुपारी डॉक्टर, एका फेरीत दोन्ही. ह्यांनी रजा पण टाकली होती.

आणि माझी एक वाईट सवय. गोळ्या संपत आल्या की आणायच्या, त्याआधी नाही. पगार झाला की फार्मसीत जायचं. शाळा १५ मार्चच्या रात्रीपासूनच बंद झाल्या होत्या, मी घरीच होते, शनिवारी २१ तारखेला डिचोली बाजारात गेलेसुद्धा होते, भाजी आणली, मामंजींसाठी विड्याची पानं आणली, फार्मसीसमोरून दोनदा गेले आणि म्हटलं शुक्रवारी पणजीहूनच आणू. घरी बारा गोळ्या होत्या.

रविवारी जनता कर्फ्यू. तो आमच्याकडे सोमवारी उठलाच नाही, गोव्यात तसाच पुढे चालू राहिला, मग २४ ला रात्री पंतप्रधानांचं भाषण, आणि २५ मार्च, गुढीपाडवा, लॉकडाऊनचा पहिला दिवस. परसातला कडुनिंब होता म्हणून गुढी झाली, फुलं नव्हती. त्याच रात्री गोव्यातले पहिले तीन पेशंट जाहीर झाले. ते दिवस गोव्याबाहेरच्यांना सांगून पटत नाहीत, इथे सुरुवातीला किराणा दुकानंसुद्धा बंद होती, लोक दुधासाठी आणि तांदळासाठी फिरत होते आणि चौकात पोलीस दांडे घेऊन उभे. त्यात माझ्या गोळ्या कुणाला सांगणार. क्लिनिकमधून २६ ला मेसेज आला, अपॉइंटमेंट रद्द, पुढची तारीख कळवू. डोळ्यांच्या ठिकाणी तर फोनच कोण उचलेना.

शनिवार २८ ला हे स्कूटरवरून गेले, खिशात माझं डिसेंबरचं प्रिस्क्रिप्शन. पोलिसानं अडवलं, कागद बघितला, सोडलं. (हे लक्षात ठेवा, त्या दिवसांत प्रिस्क्रिप्शन हाच पास होता, मूळ कागद जवळ आणि त्याचा फोटो फोनमध्ये.) पहिल्या फार्मसीत नाही. दुसऱ्या फार्मसीतला माणूस म्हणाला, "ती कोरोनाची गोळी? ती कधीच संपली." ह्यांनी सांगितलं की कोरोनाची नव्हे, संधिवाताची, बायको सात वर्षं घेतेय. तर म्हणे आता ती कुणालाही देता येत नाही, नवीन नियम आलाय, हे प्रिस्क्रिप्शन जुनं, आणि तसाही माल नाहीच.

झालं होतं असं. २१ मार्चला अमेरिकेचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी ह्या गोळीचं कौतुक करणारं ट्विट केलं, दोन दिवसांत आपल्या आयसीएमआरनं (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनं) सांगितलं की कोरोना पेशंटांची देखभाल करणाऱ्या आरोग्य कर्मचाऱ्यांनी ती आधीच घ्यावी, आणि लोकांनी त्यातलं "आरोग्य कर्मचाऱ्यांनी" हे गाळून बाकीचं वाचलं. ज्याला ताप नाही, सर्दी नाही, त्यानं दोन-दोन पट्ट्या नेऊन कपाटात ठेवल्या. मग २५ ला निर्यातबंदी, आणि २६ ला सरकारनं गोळी शेड्यूल एच-वन मध्ये टाकली, म्हणजे प्रिस्क्रिप्शनशिवाय विकायची नाही, फार्मसीवाल्यानं डॉक्टरचं नाव, पेशंटचं नाव, किती गोळ्या दिल्या ते वेगळ्या रजिस्टरात लिहायचं आणि ते तीन वर्षं जपायचं. नियम बरोबरच होता, माझी तक्रार नाही. फक्त कुलूप लावलं तोवर कपाट रिकामं झालेलं होतं आणि ज्यांची ती वस्तू होती ते बाहेर राहिले.

त्या रात्री मी गोळ्या मोजल्या. तीन उरल्या होत्या. कितीदा मोजल्या तरी तीनच.

भीती नुसत्या दुखण्याची नव्हती. व्हॉट्सअॅपवर फिरत होतं की प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घेणारे पहिले जाणार. म्हणजे मेथो घेतलं तर कोरोना, नाही घेतलं तर सांधे. मी दोन दिवस कुणाला न सांगता ठरवून टाकलं होतं की ह्या रविवारी मेथो घ्यायचं नाही. नशीब त्याच दुपारी डॉक्टरांचा फोन लागला. त्यांनी तीन गोष्टी सांगितल्या. एक, मेथो मनानं बंद करायचं नाही, आजार उसळला तर स्टिरॉइड द्यावं लागेल आणि ते जास्त जोखमीचं. दोन, पांढरी गोळी शरीरात आठवडेच्या आठवडे रेंगाळते, चार-आठ दिवस चुकली म्हणून उद्या हात सुजणार नाहीत, तेव्हा मिळेपर्यंत रोज एकच घ्या, घाबरू नका. हे ऐकून मी खरंच रडले, पण फोन ठेवल्यावर. तिसरं, ते म्हणाले की आता व्हिडिओवर किंवा फोनवर तपासून व्हॉट्सअॅपवर प्रिस्क्रिप्शन पाठवता येतं, २५ मार्चलाच केंद्रानं टेलिमेडिसिनचे नियम काढलेत, मी आजच्या तारखेचं पाठवतो. फी ५०० रुपये, गूगल पे. क्लिनिकची एरवीची ८००.

प्रिस्क्रिप्शन आलं की नीट बघून घ्यायचं, डॉक्टरांचा रजिस्ट्रेशन नंबर, सही, तारीख, आपलं नाव, वय, औषधाचं मूळ नाव, डोस, किती दिवसांचं. माझ्यात "किती दिवस" राहिलं होतं, फार्मसीवाला अडला, परत डॉक्टरांना मेसेज, परत एक दिवस. आणि आजाराचं नाव लिहून घ्या. "रुमॅटॉइड आर्थ्रायटिस" हे दोन शब्द कागदावर असले की समोरचा माणूस आपल्याकडे साठेबाज म्हणून बघत नाही.

कागद झाला, गोळी कुठे होती. ३० मार्च ते ६ एप्रिल मी अकरा ठिकाणी फोन केले. म्हापसा, पणजी, फोंडा, साखळी. एका ठिकाणी "उद्या बघा" तीनदा. बदली होऊन मडगावला गेलेली आमच्या शाळेतली बाई, तिच्या नवऱ्याच्या ओळखीचा औषधांचा होलसेलवाला, तो म्हणाला आलेला माल आधी हॉस्पिटलांना जातोय. तेही चूक म्हणता येत नाही. ह्या सगळ्यात अमेरिकेला गोळ्या पाठवायच्या की नाही ह्यावर टीव्हीवर रोज रात्री भांडणं, ७ तारखेला निर्यात थोडी मोकळी पण झाली, आणि हे टीव्हीकडे बघून म्हणाले, "अमेरिकेला पोचेल, डिचोलीला नाही पोचणार."

माझं माहेर दोडामार्ग तालुक्यात. नकाशात बघाल तर घरापासून माहेर पंचवीस किलोमीटर पण नाही, पण मधे राज्य बदलतं. एरवी आम्हाला ती हद्द कळतच नाही, तिकडची माणसं डिचोलीच्या बाजाराला येतात, आजारी पडली की बांबोळीच्या हॉस्पिटलात जातात, आम्ही तिकडे लग्नाला, पेट्रोल कुठे स्वस्त असेल तिथे. त्या महिन्यात पहिल्यांदा कळलं की हद्द म्हणजे खरोखरचा बांबू असतो. दादाला मी प्रिस्क्रिप्शन पाठवलं होतं. त्यानं सावंतवाडीत ओळखीच्या माणसाकडून चौकशी केली, तिथल्या एका मेडिकलवाल्याकडे होत्या, माझ्या नावानं रजिस्टरात नोंद करून त्यानं तीस गोळ्या दिल्या, बिल सकट, छापील किमतीला. बुधवारी रात्री दादाचा फोन, "गावले गो!" एवढंच ओरडला.

गुरुवार ९ एप्रिल, सकाळी दहा. आम्ही लाटंबार्सेकडून नाक्यावर पोचलो. रस्त्यावर आडवा बांबू, त्याच्या अलीकडे एक डांबराचं पिंप, पलीकडे महाराष्ट्राचे पोलीस, अलीकडे आमचे. दादा पलीकडे साधारण पन्नास पावलांवर मोटरसायकलला टेकून उभा. आई पण आली होती, तोंडाला पदर. मी दोन पावलं पुढे गेले तर पोलीस म्हणाला, "बाये, फाटीं राव." मागे राहिले. मग त्यालाच कागद दाखवला, काय आहे ते सांगितलं. त्यानं तिकडच्या पोलिसाला हाक मारली, दादानं पिशवी आणून बांबूजवळ जमिनीवर ठेवली आणि मागे गेला, त्या पोलिसानं ती उचलून पिंपावर ठेवली, आमच्या पोलिसानं वरून सॅनिटायझर मारला, पिशवीवर, आतल्या बिलावर, सगळ्यावर, आणि मला म्हणाला आता घे. बिलाची शाई पसरली. पिशवीत गोळ्यांच्या दोन पट्ट्या होत्या आणि आईनं घातलेली कोकमं, एका पार्लेजीच्या रिकाम्या पुड्यात. आई तिकडून हात हलवत होती, मी इकडून, आणि बोलायचं म्हणून फोन लावला, पन्नास पावलांवरून फोनवर बोललो. "हात कसे आहेत?" "बरे आहेत." बरे नव्हते.

लगेच दुसरं लचांड. १३ एप्रिलपासून तीन दिवस गोव्यात घरोघरी आरोग्य सर्व्हे ठरला, त्यात शिक्षकांच्या ड्युट्या, माझं नाव यादीत. ड्युटीला माझी ना नव्हती, पण अंगावर मेथो घेऊन दिवसाला शंभर दारांत उभं राहायला डॉक्टरांनी साफ नको म्हटलं. त्यांनी सर्टिफिकेट पीडीएफ करून पाठवलं, मुख्याध्यापकांमार्फत अर्ज केला, मग कचेरीत स्वतः हजर व्हा म्हणाले. तिथले साहेब माझ्याकडे बघून म्हणाले, "दिसता तर धडधाकट." हा आजार असलेल्या प्रत्येक बाईनं हे वाक्य ऐकलेलं असतं. मी काही न बोलता दोन्ही हात टेबलावर ठेवले. उजव्या हाताची दोन बोटं आता सरळ होत नाहीत, करंगळीकडे कलतात. त्यांनी बघितलं, सही केली. अर्जाची पोच घ्यायला विसरू नका, माझी ड्युटी पुढच्या महिन्यात परत लागली.

लॉकडाऊनमधली माझी सगळ्यात मोठी चूक मात्र कुणामुळेच नाही, माझी मीच केली होती, म्हणजे होता होता राहिली. सगळे वार सारखे झाले होते ना. एका संध्याकाळी डबीतून मेथोच्या सहा गोळ्या काढल्या (अडीचच्या सहा, म्हणजे १५ मिलिग्रॅम), तांब्या घेतला, आणि सहज कालनिर्णयकडे बघितलं तर रविवारच्या चौकोनात "मे √" असं माझ्याच अक्षरात. तो दिवस मंगळवार होता. आठवड्याचा डोस दोन दिवसांत दोनदा गेला असता. हे औषध चुकून रोज घेतल्यानं लोक दगावल्याचं डॉक्टर पहिल्याच दिवशी सांगतात, आणि तरी. तेव्हापासून मेथोची डबी माझ्याकडे नाही, ती ह्यांच्या कपाटात, रविवारी रात्री ते काढून देतात आणि खूण पण तेच करतात.

मेच्या पहिल्या आठवड्यात पांढरी गोळी आमच्या फार्मसीत परत आली, एच-वनच्या रजिस्टरात नोंद करून. तोवर गोवा ग्रीन झोन पण झाला होता. आणि नेमकी गोळी मिळायला लागल्यावर, १९ मेला, मी सकाळी उठले ती मनगटं पावासारखी फुगलेली. डोस कमी केला होता म्हणून की दिवसभर फोनवर पहिली-दुसरीच्या पोरांना स्वाध्याय टाइप करून पाठवत होते म्हणून, कुणास ठाऊक. व्हिडिओ कॉल लावला. आता संधिवाताचा डॉक्टर सांधे दाबून बघतो, ते व्हिडिओवर कसं होणार? तर त्यांनी माझ्याकडूनच करून घेतलं. कॅमेऱ्यासमोर मूठ वळा. वळली नाही, पेन धरल्याएवढी जागा राहिली. आता डाव्या हातानं उजव्या हाताचे टेंगळे, म्हणजे बोटांच्या मुळाचे सांधे, एकत्र दाबा, जसा हात मिळवताना कोणी जोरात दाबतं तसे. मी दाबले आणि ओरडले. "बास," म्हणाले. प्रेडनिसोलोन दहा मिलिग्रॅम, मग कमी करत करत तीन आठवड्यांत बंद. व्हिडिओ कॉलच्या आधी खिडकीसमोर बसा, उजेड तोंडावर आणि हातावर पडेल असं, आणि घरातलं कोणी फोन धरायला असू दे, आपले दोन्ही हात मोकळे लागतात. आमच्याकडे नेटवर्क फक्त गच्चीच्या जिन्यावर मिळतं, म्हणून हे सगळं जिन्यात झालं.

रक्त शेवटी १० जूनला दिलं. डिसेंबरनंतर थेट जून. ११५० रुपये. एसजीपीटी (लिव्हरची तपासणी) १०४ आलं, चाळीसपर्यंत हवं. म्हणजे तीन-चार महिने लिव्हर कुरकुरत होतं आणि बघायला कोण नव्हतं. मेथो पंधराचं दहावर आणलं, चार आठवड्यांनी परत रक्त, ५८, मग सप्टेंबरमध्ये ३६. मला विचाराल तर ह्या सगळ्या काळात धोका असेल तर तो इथे होता, गोळ्यांच्या तुटवड्यात नव्हे. तुटवडा दिसतो, त्यासाठी माणूस धावतो. न केलेली तपासणी दिसत नाही. जूनच्या सुरुवातीला जागतिक आरोग्य संघटनेनं १५५ देशांची पाहणी काढली होती, त्यात ५३ टक्के देशांत ब्लडप्रेशरचे उपचार थोडे किंवा पूर्ण अडकले होते, डायबिटीसचे ४९ टक्के, कॅन्सरचे ४२. वाचून म्हटलं, आपण एकट्या नव्हतो तर.

आणि त्याच ५ जूनला ऑक्सफर्डच्या रिकव्हरी ट्रायलवाल्यांनी सांगून टाकलं की हॉस्पिटलमधल्या कोरोना पेशंटांना हायड्रॉक्सिक्लोरोक्वीनचा काही फायदा दिसत नाही. ज्यांच्या कपाटात पट्ट्या होत्या त्यांनी त्यांचं काय केलं असेल हा विचार माझ्या मनात अजून येतो. आमच्या ओळखीतल्या एकानं तर मला फोन करून विचारलं, "वहिनी, तुम्हाला लागतात ना?" घेतल्या मी. आधी एक्सपायरी बघितली.

मामंजींचं सांगायचं राहिलं. वय ७८, डायबिटीस वीस वर्षांचा, दोन वेळा इन्सुलिन. त्यांचं तुलनेनं सुरळीत झालं ते केवळ आपल्या आरोग्य केंद्रामुळे, गोव्यात सरकारी केंद्रात इन्सुलिन फुकट मिळतं आणि त्यांचं कार्ड तिथलं होतं. एप्रिलमध्ये केंद्र सरकारच्या सूचना आल्या होत्या की अशा जुन्या पेशंटांना तीन महिन्यांपर्यंतची औषधं एकदम द्यावी, आमच्या नर्सबाईंनी दोन महिन्यांचं दिलं, "फ्रीजमध्ये जागा आहे का" हे आधी विचारून. शुगर मात्र चढली, कारण मामंजींचं चालणं बंद आणि घरात रोज काहीतरी गोड, सगळेच रिकामे ना. नोव्हेंबरात एचबीएवनसी (तीन महिन्यांच्या सरासरी शुगरची तपासणी) ९.४. मी प्रायव्हेटवाली, ते सरकारीवाले, आणि पहिल्या लाटेत माझ्यापेक्षा त्यांचं बरं चाललं हे मान्य करायला हवं.

२०२१. १ मार्चपासून साठच्या वरच्यांना आणि ४५ ते ५९ मधल्या आजारवाल्यांना लस सुरू झाली. वीस आजारांची यादी होती. त्यात संधिवात हा शब्द कुठेच नाही. पण एका ओळीत होतं, दीर्घकाळ स्टिरॉइड किंवा प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू असलेले. ती मी. ठरावीक नमुन्यातलं सर्टिफिकेट लागायचं, नोंदणीकृत डॉक्टरच्या सहीचं. १५ मार्चला सोमवारी गेले तर टेबलावरची मुलगी म्हणाली, "संधिवात नाही यादीत." मी यादी प्रिंट करून नेली होती, त्या ओळीखाली लाल पेनानं रेघ मारून (शिक्षिकेची सवय). तिनं आत जाऊन विचारलं, वीस मिनिटांनी कोविशिल्ड मिळाली. डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं की आजार आटोक्यात आहे तेव्हा लसीनंतर एक आठवडा मेथो घेऊ नका, लस नीट लागू पडावी म्हणून. हे प्रत्येकाला लागू नाही, आपापल्या डॉक्टरांना विचारा.

दुसऱ्या डोसची तारीख आधी चार आठवड्यांनी, मग सहा ते आठ, मग १३ मेला बारा ते सोळा. तोवर दुसरी लाट होती, ९ मेपासून कर्फ्यू, आणि ऑक्सिजनच्या बातम्या. त्याबद्दल मी लिहीत नाही, आमच्या वाड्यावरची दोन माणसं गेली.

त्यातच १६ मे, रविवार, तौक्ते वादळ. आमच्याकडे फणसाची फांदी तारांवर पडली आणि चार दिवस लाईट नाही, मोबाईल नाही. फ्रीजमध्ये मामंजींच्या इन्सुलिनच्या पाच न फोडलेल्या बाटल्या. चालू बाटली बाहेर सावलीत महिनाभर राहते, पण न फोडलेल्यांना दोन ते आठ डिग्री हवं. मला नर्सबाईंनी कधीतरी सांगितलेलं आठवलं. न्हाणीजवळ, जिथे ऊन येत नाही तिथे पाण्यानं भरलेली घमेली ठेवली, त्यात मातीचं मडकं, बाटल्या प्लास्टिकच्या डब्यात घालून डबा मडक्यात, मडक्यावर ओला पंचा. दर तीन तासांनी पंचा भिजवायचा, रात्री सुद्धा. मामंजी स्वतः उठायचे त्यासाठी. फ्रीजएवढं गार होत नाही, पण हात घातला की गारवा लागायचा. लाईट आल्यावर केंद्रात नेऊन दाखवल्या, बाई म्हणाल्या ह्या आधी वापरून टाका, एरवीपेक्षा वेगळी दिसली किंवा शुगर उतरेना तर लगेच सांगा. चाललं.

८ जूनला माझा दुसरा डोस झाला. परत एक आठवडा मेथो बंद, चौथ्या दिवशी बोटं थोडी कुरकुरली, नंतर ठीक.

आणि डोळे. जुन्या ठिकाणी नवीन तारीख मिळता मिळेना, दोनदा दिलेली पुढे ढकलली, एकदा मशीन बिघडलेलं. शेवटी दुसरीकडे गेले, ओसीटी (पडद्याचा स्कॅन) आणि फील्ड टेस्ट मिळून २८०० रुपये. फील्ड टेस्टमध्ये एका वाडग्यात डोकं घालून बसायचं, मधल्या ठिपक्याकडे बघत राहायचं आणि बाजूला कुठे उजेड लुकलुकला की बटण दाबायचं. बटण अंगठ्यानं दाबतात. माझा अंगठा दहा मिनिटांत दमला, त्यांना सांगितलं तर बटण टेबलावर ठेवून मुठीनं दाबायला दिलं, तेव्हा तुम्हीही आधीच सांगा, नाहीतर उशिरा दाबलं म्हणून रिपोर्ट उगाच खराब येतो. डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या करायचे थेंब घातले, दोन तास सगळं धुरकट, सोबत माणूस हवाच, गॉगल न्या.

पडदा ठीक आहे. डॉक्टरबाईंनी फाईल चाळली, मागची तपासणी फेब्रुवारी २०१९ ची बघून म्हणाल्या, "एवढा उशीर?" मी काय सांगणार, त्यांच्याही तोंडाला मास्कच होता. पुढची तारीख ऑक्टोबर २०२२. त्याचं कालनिर्णय अजून यायचंय, म्हणून सध्या ह्या वर्षीच्याच मागच्या पानावर, दूधवाल्याच्या हिशोबाखाली लिहून ठेवलीय.